सिग्नलचे मूलभूत प्रकार : खानदेशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सिग्नलचा विषय सुरू झाला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांची पहिली अडचण गणिताची नसते, शब्दांची असते. व्याख्या इंग्रजीत पाठ होते, परीक्षेत उतरवलीही जाते, पण “हाई सिग्नल म्हणजे काय शे?” (अहिराणीत ‘हा सिग्नल म्हणजे काय आहे?’) हा प्रश्न वर्गात न विचारता बाहेर टपरीवर विचारला जातो. असे नेहमी कानावर येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुद्दाम आपल्या भागातली घेतली आहेत. सिद्धान्त मात्र जगभर आहे तोच आहे.

सिग्नल म्हणजे नेमके काय? भुसावळच्या यार्डातला सिग्नल आणि हा सिग्नल एकच का?

वरवर पाहता वेगळे वाटतात, पण मुळात नाते जवळचे आहे. कोणतीही राशी वेळेनुसार किंवा जागेनुसार बदलत असेल आणि त्या बदलातून आपल्याला काही कळत असेल, तर त्या बदलत्या राशीला सिग्नल म्हणतात. गणिताच्या भाषेत ते एक फलन असते : वेळ सांगा, मूल्य मिळेल. रेल्वेचा चार रंगस्थितींचा दिवा लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा यांपैकी एका स्थितीत असतो. दिवसभरात कोणत्या क्षणी तो कोणत्या स्थितीत होता याचा आलेख काढला, तर तो आलेख हाच आपल्या विषयातला सिग्नल होय. रेल्वेवाले खांबाला आणि दिव्याला सिग्नल म्हणतात, आपण त्या दिव्याच्या बदलत्या स्थितीला म्हणतो, एवढाच काय तो फरक. दुपारचे तापमान, विहिरीतल्या पाण्याची पातळी, मायक्रोफोनच्या तारेतला विद्युत दाब, हृदयाचा आलेख हे सगळे याच अर्थाने सिग्नल आहेत.

सिग्नलचे इतके प्रकार आहेत, ते सगळे एकमेकांपासून वेगळे ठेवायचे कसे?

बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. विद्यार्थी प्रकारांची यादी बाजारातल्या पाट्यांसारखी समजतात : एका पाटीत केळी, दुसऱ्या पाटीत वांगी, आणि जे एकात आहे ते दुसऱ्यात नाही. प्रत्यक्षात प्रकारांची प्रत्येक जोडी म्हणजे त्याच एका सिग्नलला विचारलेला स्वतंत्र प्रश्न असतो. तुझी नोंद प्रत्येक क्षणी आहे की ठरावीक क्षणीच? तुझे मूल्य कोणतेही असू शकते की मोजक्यांपैकी एक? तू स्वतःची पुनरावृत्ती करतोस का? तुझे पुढचे मूल्य सूत्राने सांगता येते का? एकच सिग्नल सतत, अॅनालॉग, आवर्ती, निश्चित आणि पॉवर सिग्नल असा पाचही असू शकतो. घरातल्या प्लगमधला विद्युत दाब, आदर्श मानला तर, अगदी तसाच आहे.

सतत आणि विविक्त सिग्नलमध्ये फरक काय?

हा प्रश्न फक्त काळाच्या अक्षाविषयी आहे. ज्याचे मूल्य प्रत्येक क्षणी विचारता येते तो सतत काळाचा सिग्नल. ज्याचे मूल्य केवळ ठरावीक, सुट्या क्षणांना अस्तित्वात आहे तो विविक्त काळाचा. जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी हवेचे तापमान क्षणोक्षणी काहीतरी असतेच, म्हणून ते सतत आहे. पण आपण दर तासाला वहीत लिहिलेले आकडे हा विविक्त सिग्नल आहे. विविक्त सिग्नलमध्ये दोन नोंदींच्या मधले मूल्य शून्य असते असे अनेक जण समजतात. ते शून्य नसते, ते विचारलेलेच नसते. साडेतीन वाजता तापमान शून्य झाले असे वही म्हणत नाही.

पर्जन्यमापकाची नोंद हे आणखी एक उदाहरण नेहमी दिले जाते. आपल्याकडे पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठला घेतली जाते. तिच्यापासून विविक्त सिग्नल तयार होतो हे खरे, पण ती त्या क्षणीच्या पावसाची नोंद नसून मागच्या २४ तासांची बेरीज असते. नमुना घेणे आणि साठवून मोजणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

मग सतत म्हणजे अॅनालॉग आणि विविक्त म्हणजे डिजिटल, असेच ना?

नाही. सतत आणि विविक्त हे शब्द काळाविषयी बोलतात. अॅनालॉग आणि डिजिटल हे शब्द मूल्याविषयी. तापीवरचे हतनूर धरण डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात बातमी येते की धरणाच्या ४१ दरवाजांपैकी इतके दरवाजे उघडले. उघड्या दरवाजांची संख्या कोणत्याही क्षणी विचारता येते, म्हणून काळ सतत आहे. पण उत्तर ० ते ४१ यांमधला पूर्णांकच असणार, साडेबारा दरवाजे उघडले असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे काळ सतत, मूल्य सुटे. त्याच धरणातल्या पाण्याची पातळी घ्या : काळही सतत आणि मूल्यही सतत, हा शुद्ध अॅनालॉग सिग्नल. ती पातळी दर तासाला अगदी अचूक मोजली, असे क्षणभर मानले, तर काळ सुटा पण मूल्य अजून सतत. आणि तीच पातळी दर तासाला सेंटिमीटरपर्यंत पूर्णांक करून संगणकात भरली, तर काळही सुटा आणि मूल्यही सुटे. काटेकोर अर्थाने डिजिटल सिग्नल तो हा.

चार शक्यता, एकच धरण. मूल्य जवळच्या पायरीवर बसवण्याच्या क्रियेत थोडी चूक कायमची शिरते. ती नंतर काढता येत नाही, फक्त पायऱ्या बारीक करून लहान ठेवता येते : ८ बिटांत २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिटांत ६५,५३६.

नमुने किती वेळा घ्यावेत? कमी घेतले तर काय बिघडते?

सिग्नलमध्ये जी सर्वांत मोठी वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने, हर्ट्झमध्ये) आहे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घ्यावे लागतात. ही अट पाळली तर सुट्या नमुन्यांपासून मूळ सतत सिग्नल, निदान तत्त्वतः, जसाच्या तसा परत उभा करता येतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारयंत्राच्या संदर्भात या विचाराची पायाभरणी केली, व्लादिमिर कोटेलनिकोव्ह यांनी १९३३ मध्ये तो मांडला आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या लेखानंतर तो सर्वत्र रुळला. दूरध्वनीत आवाज साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतच ठेवतात, म्हणून सेकंदाला ८,००० नमुने पुरतात. प्रत्येकी ८ बिट धरले की सेकंदाला ६४,००० बिट होतात. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, त्यामुळे संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरवले गेले.

अट मोडली तर केवळ तपशील हरवतो असे नाही, खोटा तपशील तयार होतो, आणि हे जास्त धोक्याचे आहे. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. तिचे सेकंदाला ४० नमुने घेतले तर कागदावर १० हर्ट्झची गुळगुळीत लहर दिसेल, जी तारेत कधीच नव्हती. बरोबर ५० नमुने घेतले तर प्रत्येक नमुना लहरीच्या त्याच जागी पडेल आणि पुरवठा बॅटरीसारखा स्थिर आहे असे वाटेल. मोबाइलच्या चित्रफितीत पंख्याची पाती उलटी फिरताना दिसतात, ती याच कारणाने. म्हणून नमुने घेण्याच्या आधीच नको असलेल्या मोठ्या वारंवारता गाळणीने काढून टाकतात. नंतर गाळून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत खोटी लहर खऱ्यात मिसळलेली असते.

आवर्ती सिग्नल कसा ओळखावा?

ठरावीक काळानंतर जो हुबेहूब स्वतःसारखा पुन्हा सुरू होतो तो आवर्ती. ज्या सर्वांत लहान काळानंतर हे घडते तो त्याचा आवर्तकाल. ५० हर्ट्झच्या विजेचा आवर्तकाल एक सेकंद भागिले ५०, म्हणजे २० मिलिसेकंद.

येथे आपली भाषा एक गंमत करते. ‘नळाला तीन दिवसांआड पाणी येते’ असे म्हटले की विद्यार्थी आवर्तकाल ३ लिहून मोकळा होतो. मध्ये तीन दिवस कोरडे जातात आणि चौथ्या दिवशी पाणी येते, म्हणजे आवर्तकाल ४ दिवसांचा. ‘आड’ दिसला की एक मिळवा.

आता गावचा आठवडे बाजार ७ दिवसांनी भरतो आणि नळ ४ दिवसांनी येतो, तर दोन्ही मिळून बनणारा क्रम किती दिवसांनी परत येईल? लघुतम साधारण विभाज्य काढा : २८ दिवसांनी. दोन आवर्ती सिग्नलांची बेरीज आवर्ती असते की नाही, हे याच रीतीने तपासतात. दोन आवर्तकालांचे गुणोत्तर परिमेय असेल तर बेरीज आवर्ती होते. एकाचा आवर्तकाल १ सेकंद आणि दुसऱ्याचा वर्गमूळ २ सेकंद असेल, तर दोघेही आपापल्या घरी आवर्ती असूनही त्यांची बेरीज कधीच पूर्णपणे परत येत नाही.

विविक्त काळात कोसाइन कधी आवर्ती नसतो, हे कसे शक्य आहे?

परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे. सतत काळात प्रत्येक साइन किंवा कोसाइन लहर आवर्ती असतेच. विविक्त काळात मात्र क्रमांक पूर्णांकच घेता येतात. ‘कोसाइन एन’ हा क्रम पाहा, कोन रेडियनमध्ये. तो परत यायचा असेल तर काही पूर्ण पावलांनंतर कोन दोन पायच्या (२π च्या) पटीत बसला पाहिजे. पण पाय अपरिमेय असल्यामुळे कितीही पूर्ण पावले टाकली तरी तो जुळत नाही. याउलट प्रत्येक पावलाला कोन दोन पायच्या एक सप्तमांशाने वाढत असेल, तर सातव्या पावलाला क्रम पुन्हा सुरू होतो. थोडक्यात कसोटी अशी : एका पावलातला कोन दोन पायने भागल्यावर परिमेय संख्या आली तरच क्रम आवर्ती.

साइन लहरीला एवढे महत्त्व का? तिचे विस्तार, वारंवारता आणि कला हे गुण डोळ्यांसमोर कसे आणावेत?

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका आठवा. निंबाच्या फांदीला बांधलेला झोका मधल्या जागेपासून किती दूर जातो, तो विस्तार. एका सेकंदात किती पूर्ण हेलकावे होतात, ती वारंवारता. दोर ४ मीटर लांब असेल तर एका पूर्ण हेलकाव्याला साधारण ४ सेकंद लागतात, म्हणजे वारंवारता पाव हर्ट्झ; झोका फार मोठा घेतला नाही तर हा काळ बसणाऱ्याच्या वजनावर किंवा झोक्याच्या उंचीवर जवळजवळ अवलंबून नसतो, दोराच्या लांबीवर असतो. आता शेजारी तेवढ्याच दोराचा दुसरा झोका आहे आणि तो एक सेकंद उशिरा सुटला. विस्तार तोच, वारंवारता तीच, तरी दोघे एकत्र दिसत नाहीत. त्यांच्यातले पाव हेलकाव्याचे, म्हणजे ९० अंशांचे, अंतर ही कलेतली तफावत होय.

झोका ढकलणे थांबवले की हेलकावे लहान होत जातात. ही क्षय पावणारी साइन लहर : घटता घातांकी सिग्नल आणि साइन यांचा गुणाकार. निसर्गात शुद्ध साइनपेक्षा हीच जास्त भेटते.

महत्त्वाचे कारण वेगळेच आहे. फ्रेंच गणिती जोझेफ फूरिए उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करत होते. १८२२ मध्ये त्यांनी सविस्तर दाखवले की आवर्ती फलन साइन आणि कोसाइन लहरींच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते. त्यामुळे एका साइनचे काय होते एवढे कळले की कितीतरी गुंतागुंतीच्या सिग्नलांचे काय होईल ते सांगता येते.

इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणतो, याचा या विषयाशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. भारनियमनाच्या दिवसांत घेतलेले अनेक स्वस्त इन्व्हर्टर साइनऐवजी चौकोनी लहर देतात. तिचा आवर्तकाल तोच, २० मिलिसेकंद. पण फूरिएच्या रीतीने उकलली तर तिच्यात ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० अशा विषम पटीतल्या वारंवारता निघतात, आणि त्यांचे विस्तार मूळ लहरीच्या एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश असे असतात. पंख्याच्या मोटारीला त्या जादा लहरींचा उपयोग नसतो. त्या तिला तापवतात आणि कंप निर्माण करतात. तो कंप म्हणजेच गुणगुण.

पायरी, चढण आणि आघात या सिग्नलांचा उपयोग काय? असे सिग्नल प्रत्यक्षात असतात का?

पंपाचा स्टार्टर दाबला. आधी पाण्याचा प्रवाह शून्य, नंतर एकसारखा : ही पायरी. तेच पाणी टाकीत पडते आणि पातळी सारख्या गतीने चढत जाते : ही चढण. पायरीची काळानुसार बेरीज करत गेले की चढण मिळते, आणि चढणीचा बदलाचा दर काढला की पायरी. पायरीला ऑलिव्हर हेविसाइड यांचे नाव जोडलेले आहे. ते तरुणपणी तारयंत्र चालवण्याच्या नोकरीत होते.

पायरीचा बदलाचा दर काढायला गेले की अडचण येते, कारण सगळा बदल एकाच क्षणात झालेला आहे. त्या दराला आघात म्हणतात : रुंदी शून्याकडे, उंची अमर्याद, पण खालचे क्षेत्रफळ बरोबर १. त्याच्याशी पॉल डिरॅक यांचे नाव निगडित आहे. भौतिकशास्त्राकडे वळण्याआधी त्यांचे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीत झाले होते. असा अमर्याद उंच सिग्नल कोणत्याही तारेत नसतो. तो उपयुक्त कल्पना आहे, वस्तू नाही.

विविक्त काळात हे सारे सोपे होते : शून्याव्या क्रमांकाला १, बाकी सगळीकडे ०. पावसाची महिनाभराची नोंद ही अशा ३० आघातांची बेरीजच समजा, प्रत्येक आघात आपापल्या दिवशी सरकवलेला आणि त्या दिवसाच्या मिलिमीटरने गुणलेला.

आघाताला प्रणाली, म्हणजे एक सिग्नल घेऊन दुसरा देणारी व्यवस्था, कशी उत्तर देते, हे समजावून सांगाल का?

जुन्या दगडी विहिरीच्या काठावर उभे राहून एक टाळी वाजवा. टाळी क्षणभराची, पण विहीर बराच वेळ उत्तर देत राहते : पाण्यावरून आलेला पहिला पडसाद, मग भिंतींवरून येणारे मिसळलेले पडसाद, मग शांतता. आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला आणि पाणी १७.५ मीटर खोल असले, तर पहिला पडसाद ३५ मीटरचा प्रवास करून ०.१ सेकंदाने येईल. हे संपूर्ण उत्तर म्हणजे विहिरीचा आघात-प्रतिसाद. प्रणाली रेषीय असेल (दोन आवाजांच्या बेरजेला त्यांच्या उत्तरांची बेरीज देत असेल) आणि वेळेनुसार बदलत नसेल, तर एवढ्या एका नोंदीवरून त्या विहिरीत कोणतीही ओवी म्हटल्यास ती कशी ऐकू येईल, ते विहिरीवर न जाता संगणकावर काढता येते. कारण ओवी ही लहानमोठ्या टाळ्यांची एक लांबलचक माळ मानता येते. माझ्या मते संपूर्ण विषयात याहून देखणी गोष्ट नाही.

सम आणि विषम सिग्नल कशासाठी शिकायचे?

काळ उलटा केल्यावर जो तसाच राहतो तो सम, उदाहरणार्थ कोसाइन. ज्याचे चिन्ह बदलते तो विषम, उदाहरणार्थ साइन. कोणताही सिग्नल या दोन भागांत मोडता येतो : मूळ आणि उलटा यांच्या बेरजेचे निम्मे म्हणजे सम भाग, वजाबाकीचे निम्मे म्हणजे विषम भाग. फूरिएच्या गणितात यामुळे निम्मी आकडेमोड वाचते. याहून जास्त गूढ त्यात नाही.

यादृच्छिक सिग्नलला काही नियमच नसतो का?

नियम असतो, पण तो एकेका मूल्याचा नसून समूहाचा असतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. सूर्य कोणत्या मिनिटाला आकाशात कोठे असेल हे पंचांगकर्ताही सांगतो. तो भाग निश्चित आहे. ढग केव्हा आड येईल हे कोणी सांगू शकत नाही. तो भाग यादृच्छिक. सौर विजेचा सिग्नल या दोहोंच्या मिश्रणातून बनतो. वाऱ्यात यादृच्छिक भाग अधिक असतो, तरीही सरासरी, विचलन आणि आत्ताच्या वाऱ्याचे तासाभरानंतरच्या वाऱ्याशी असलेले नाते या गोष्टी मोजता येतात. वारा क्षणाक्षणाला मागचे सगळे विसरत नाही, म्हणूनच थोडा अंदाज बांधता येतो. रेडिओवर दोन केंद्रांच्या मध्ये ऐकू येणारी खरखर मात्र जवळजवळ सगळे विसरते.

एनर्जी सिग्नल आणि पॉवर सिग्नल यांत गणित करताना हमखास चूक होते. कसोटी काय?

सिग्नलच्या वर्गाची सर्व काळावरची बेरीज मर्यादित आणि शून्याहून मोठी असेल, तर तो एनर्जी सिग्नल. ती बेरीज अमर्याद असली तरी वर्गाची सरासरी मर्यादित आणि शून्याहून मोठी असेल, तर पॉवर सिग्नल. विहिरीवरची टाळी आणि सोडून दिलेला झोका हे पहिल्या प्रकारातले. अखंड चालणारी साइन लहर दुसऱ्या प्रकारातली.

आपल्या घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट म्हणतात, पण लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते. ३२५ च्या वर्गाचे निम्मे केले की सुमारे ५२,९०० येतात, आणि तोच २३० चा वर्ग. २३० हा आकडा येथूनच आला आहे. लक्षात ठेवा, ही ‘पॉवर’ वॅटमध्ये नाही; रोध १ ओहम मानला तरच ती वॅट होते.

एकक पायरीची सरासरी शक्ती १ नसून अर्धी येते, कारण काळाच्या अक्षाचा डावा अर्धा भाग रिकामा असतो. आणि चढण या दोन्हींपैकी कोणतीच नाही : तिची बेरीजही अमर्याद, सरासरीही अमर्याद. ‘प्रत्येक सिग्नल एनर्जी किंवा पॉवर असतोच’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नये.

एकापेक्षा जास्त सिग्नल एकत्र असतील तर?

त्याला बहुवाहिनी सिग्नल म्हणतात, आणि शेतकऱ्याला तो पुस्तकाआधी माहीत असतो. थ्री फेज म्हणजे एकमेकांपासून १२० अंश मागेपुढे असलेल्या तीन साइन लहरी. तिन्ही सारख्या असतील तर कोणत्याही क्षणी त्यांची बेरीज शून्य. एक फेज गेली की हा तोल मोडतो आणि मोटार जळण्याची वेळ येते. स्टार्टरमधले संरक्षण नेमके याच मोडलेल्या तोलावर लक्ष ठेवते.

करपा पडलेल्या केळीच्या पानाचा फोटो हा आणखी वेगळा प्रकार. तेथे स्वतंत्र चल काळ नसून आडवे आणि उभे अंतर आहे, म्हणून तो द्विमितीय सिग्नल.

ईसीजीचे वर्गीकरण करा, असा प्रश्न आल्यास काय लिहावे?

आधी विचारा, कोणता ईसीजी? छातीवरच्या तारेतला दाब सतत आणि अॅनालॉग आहे. यंत्राच्या स्मृतीतला तोच आलेख विविक्त आणि डिजिटल. ठोके सारखे दिसले तरी दोन ठोक्यांतले अंतर किंचित बदलत राहते, म्हणून काटेकोरपणे तो आवर्ती नाही; ‘जवळजवळ आवर्ती’ असे लिहावे. पुढचा ठोका नेमका केव्हा पडेल हे सूत्राने सांगता येत नाही, म्हणून त्यात यादृच्छिक अंश आहे. छाती, हात आणि पाय यांवरून एकाच वेळी अनेक नोंदी घेतल्या जातात, म्हणून तो बहुवाहिनी आहे. शिवाय भिंतीतल्या तारांमधून ५० हर्ट्झची लहर त्यात घुसते आणि आलेखाची रेघ जाड, थरथरती दिसू लागते; ती काढायला नेमकी ५० हर्ट्झ अडवणारी गाळणी लावतात. एवढे लिहून झाल्यावर जागा उरली, तर आलेखाची एक छोटी आकृती काढावी आणि अक्षांना नावे द्यावीत. बहुतेकांचे गुण तेथेच जातात.